घाटाच्या पायथ्याशी टायर तपासा: परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: पावसाळ्यापूर्वी वाहनांच्या टायरची तपासणी आणि निसरड्या रस्त्यांची जबाबदारी निश्चित करण्याबाबत.

महोदय,

मे महिना लागला की राज्यातली सगळी यंत्रणा पावसाळ्याच्या तयारीला लागते. नालेसफाई होते, धोकादायक इमारतींना नोटिसा जातात, रस्त्यावर झुकलेल्या फांद्या छाटल्या जातात, दरडप्रवण गावांच्या याद्या अद्ययावत होतात. मात्र ज्या वाहनांतून लाखो लोक याच पावसात घाट चढणार आणि उतरणार आहेत, त्या वाहनांचे टायर ओल्या रस्त्यावर टिकाव धरतील की नाही, हे पाहण्याची कोणतीही व्यवस्था या तयारीत नाही. ही उणीव दूर करणे आपल्या अधिकारात आहे, फारसे खर्चिकही नाही, आणि म्हणूनच हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्याच जागेवर टेकलेला असतो. गाडी वेग घेते, वळते आणि थांबते ती या चार छोट्या जागांच्या आधारावर. रस्ता कोरडा असताना गुळगुळीत झालेला टायरही बऱ्यापैकी पकड देतो, त्यामुळे आपला टायर झिजला आहे हे चालकाला उन्हाळाभर जाणवतच नाही. पावसात हिशेब बदलतो. 185 मिलिमीटर रुंदीचा टायर ताशी 80 किलोमीटर वेगाने धावत असेल आणि रस्त्यावर फक्त 2 मिलिमीटर पाणी साचलेले असेल, तरी त्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे 8 लिटर पाणी बाजूला सारावे लागते. हे पाणी निघून जाण्यासाठीच टायरवर नक्षीच्या खाचा असतात. खाचा उथळ झाल्या की पाण्याला वाट मिळत नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवले किंवा ब्रेक कितीही दाबला तरी गाडीपर्यंत काहीच पोहोचत नाही. नासा या अमेरिकी संस्थेने 1960 च्या दशकात विमानांच्या चाकांवर जे प्रयोग केले, त्यांतून निघालेल्या सूत्रानुसार हा धोक्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबावरही अवलंबून असतो. 33 पीएसआय (पंपावर हवा मोजण्याचे एकक) दाबाला तो ताशी सुमारे 96 किलोमीटर येतो, तर हवा 24 पर्यंत उतरली की 82 च्या आसपास खाली येतो. आकडे ढोबळ आहेत, परंतु त्यांचा अर्थ साधा आहे: हवा कमी असलेल्या टायरला पावसात तुलनेने कमी वेगातही धोका असतो, आणि हवा तर पेट्रोल पंपावर मोफत मिळते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चारचाकी आणि त्याहून मोठ्या वाहनांच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल असली पाहिजे; दुचाकीसाठी ही मर्यादा त्याहूनही कमी आहे. नव्या मोटारीच्या टायरची नक्षी 7 ते 8 मिलिमीटर असते हे लक्षात घेतले, तर कायदा टायरला अगदी शेवटच्या टोकापर्यंत झिजू देतो असे म्हणावे लागेल. ओल्या रस्त्यावरची पकड 3 मिलिमीटरच्या खाली झपाट्याने घसरते, आणि म्हणूनच टायरच्या क्षेत्रातले अनेक जाणकार 3 मिलिमीटरलाच टायर बदलण्याचा सल्ला देतात. पण 1.6 ची किमान मर्यादा तरी आपण पाळून घेतो का? मालवाहू आणि प्रवासी वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेव्हा निदान त्या दिवशी तरी टायर कोणाच्या तरी नजरेखालून जातो. खासगी मोटार आणि दुचाकी यांची नोंदणी मात्र एकदा केली की 15 वर्षे चालते, आणि या 15 वर्षांत टायर पाहण्याचा कोणताही सक्तीचा प्रसंग येत नाही. नाक्यावर गाडी अडवली जाते तेव्हा लायसन्स, विमा, पीयूसी, सीटबेल्ट आणि हेल्मेट पाहिले जाते. खाली वाकून चाकाकडे बघणारा अधिकारी विरळाच.

कराडमध्ये टायर आणि व्हील अलाइनमेंटचे काम करणाऱ्या एका दुकानात मे महिन्याच्या अखेरीस थांबलो असताना, कोकणात निघालेल्या एका मोटारीचे पुढचे चाक उतरवलेले पाहिले. बाहेरून टायर उत्तम दिसत होता. बाहेरच्या कडेची नक्षी शाबूत, रबर काळेभोर. कारागिराने चाक उलटे करून आतली कडा दाखवली, तर तिथे बोटभर रुंदीचा पट्टा हाताला काचेसारखा लागत होता आणि एका ठिकाणी रबराखालचे धागे दिसू लागले होते. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, बिघडली की टायर असा आतल्या कडेने झिजतो, आणि गाडी उभी असताना ही कडा मालकाला कधीच दिसत नाही. त्याच कारागिराने खाचांच्या तळाशी असलेल्या लहान आडव्या उंचवट्यांवर नखाने टकटक केले. टायरच्या बाजूवर टीडब्ल्यूआय ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण जिथे असतो, त्याच रेषेत हे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरची कायदेशीर मुदत संपली. प्रत्येक टायरवर निर्माता कंपनीने ही खूण दिलेली आहे, तरीही ती कोठे असते हे विचारले तर दहा चालकांपैकी एखाद-दुसराच सांगू शकेल असे मला वाटते. त्या दुकानदाराचे म्हणणे असे होते की टायरची सर्वाधिक विक्री दसरा-दिवाळीला होते, म्हणजे पावसाळा पुरता सरल्यावर. ज्या चार महिन्यांत नक्षीची गरज सर्वांत जास्त, ते चार महिने लोक झिजलेल्या टायरवर काढतात आणि रस्ते कोरडे झाले की नवे टायर टाकतात. हा क्रम उलटा व्हावा, म्हणजे टायर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बदलले जावेत, यासाठी शासनाने आवाहन केले पाहिजे.

पहिल्या पावसाचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल, डिझेल, टायरच्या रबराची भुकटी आणि धूळ यांचा थर डांबराच्या छिद्रांत बसलेला असतो. वळवाची किंवा मृगाची पहिली सर येते तेव्हा पाणी हा थर वर उचलते, पण वाहून नेण्याइतके ते पुरेसे नसते, आणि पहिला अर्धा तास रस्ता अक्षरशः साबण लावल्यासारखा होतो. जोराचा पाऊस दोन तास पडून गेल्यावर तोच रस्ता पुष्कळ सुरक्षित असतो. म्हणून रिमझिम सुरू होताच वेग कमी करणे हे मुसळधारेत वेग कमी करण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे आहे. हवामान विभाग मोसमी पावसाच्या आगमनाचा अंदाज आधीच देतो. त्याच्या जोडीने आपल्या कार्यालयाने पहिल्या सरींचा इशारा महामार्गांवरच्या फलकांवर झळकवावा, एवढे तर लगेच करता येईल.

आता रस्त्याविषयी. तो आपल्या खात्याचा थेट विषय नाही, तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा, महामार्ग प्राधिकरणाचा आणि महापालिकांचा आहे, याची मला कल्पना आहे. परंतु रस्ता सुरक्षेच्या कामाचा समन्वय आपल्या कार्यालयाकडे असल्याने हे आपल्यासमोरच मांडले पाहिजे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार ताशी 40 किलोमीटर वेगाच्या वाहनाला सुरक्षितपणे थांबण्यासाठी 45 मीटर अंतर लागते असे धरले जाते आणि वळणांवरची दृष्टी त्यानुसार आखली जाते. या हिशेबात चालकाच्या प्रतिसादासाठी अडीच सेकंद आणि घर्षणांक, म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीचे माप, 0.38 गृहीत धरलेला आहे. घाटात 6 टक्के उतार असेल आणि रस्त्यावर पसरलेल्या मातीमुळे घर्षणांक 0.2 वर आला, तर तेच अंतर 73 मीटरच्या घरात जाते. याचा अर्थ असा की वळणावरून पुढे दिसणारा रस्ता आणि गाडीला थांबायला लागणारा रस्ता यांचा मेळ तुटतो, आणि चालक वेगमर्यादा पाळत असूनही समोरच्या वाहनावर किंवा कठड्यावर जाऊन आदळतो. घाटात वेगमर्यादेचा फलक लावून आपले कर्तव्य संपले असे समजणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

ही माती येते कुठून, हे चिपळूणहून कराडकडे कुंभार्ली घाट चढणारा प्रत्येकजण जाणतो. पोफळी सोडली की एका बाजूला ओली दरड आणि दुसऱ्या बाजूला दरी. पाऊस धरला की दरडीच्या पायथ्याचे गटार भरते, तांबडी माती आणि बारीक खडी रस्त्यावर येते आणि वाहनांच्या चाकांनी ती संपूर्ण वळणावर पसरवली जाते. जिथे झाडी दाट आहे आणि दिवसचे दिवस ऊन लागत नाही, तिथे रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते; समोरून बस आली म्हणून दुचाकीस्वार कडेला सरकतो तो नेमका त्या शेवाळावर. घाटमाथ्यावर हेळवाकच्या पुढे शेतातून चिखल घेऊन डांबरीवर येणारे ट्रॅक्टर असतात. सपाटीच्या महामार्गांवर कामासाठी माती वाहणारे डंपर ही भर घालतात, आणि शहरांत रुंद पांढरे पट्टे, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक, गटारांची लोखंडी झाकणे आणि मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी पट्ट्या. कोरड्या दिवशी यांतल्या कशाचीही दखल घ्यावी लागत नाही. ओल्या रस्त्यावर वळण घेत असताना दुचाकीचे पुढचे चाक अशा पट्टीवर पडले की स्वार सावरायच्या आत खाली असतो, आणि मागून येणारे वाहनही त्याच ओल्या रस्त्यावर थांबायचा प्रयत्न करत असते.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 198 अ याचसाठी आहे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम तुटपुंजी आहे हे खरे, तरीही कायद्याने रस्त्याच्या धन्याला प्रथमच जबाबदार धरले आहे. पावसाळ्यात घाटरस्त्यावर आलेली माती किती तासांत हटवली पाहिजे, लोखंडी पट्टीवर खरखरीत पृष्ठभाग असलाच पाहिजे का, आणि डंपरची चाके धुतल्याशिवाय त्याला कामाच्या जागेतून रस्त्यावर सोडायचे की नाही, हे लेखी ठरवून प्रत्येक जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवले, तर या कलमाचा आधार घेणे सामान्य माणसालाही शक्य होईल. आज तसा कोणताही मापदंड त्याच्या हाती नाही.

टायरच्या तपासणीसाठी नवीन काही शोधून काढण्याची गरज नाही, कारण आपल्याच खात्याने ते करून दाखवले आहे. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा 2023 मध्ये परिवहन अधिकाऱ्यांनी प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरची वाहने महामार्गावर जाऊ दिली नाहीत. उन्हात फुटणाऱ्या टायरसाठी जे केले, तेच पावसात घसरणाऱ्या टायरसाठी करावे, एवढीच मागणी आहे. कुंभार्ली, आंबेनळी, वरंधा, ताम्हिणी, आंबा, आंबोली, माळशेज आणि कसारा या घाटांच्या पायथ्याशी 15 मे ते 15 जून या काळात पथके असावीत. नक्षीची खोली मोजणारे छोटे मापक काहीशे रुपयांत मिळते आणि एका गाडीचे चारही टायर, आतल्या कडेसह, मोजायला दोन-तीन मिनिटे पुरतात. पहिल्या वर्षी दंडावर भर न देता मोजलेला आकडा लिहून चालकाच्या हाती द्यावा, 1.6 च्या खाली असेल तर वाहन थांबवावे, आणि 3 च्या खाली असेल तर लेखी सूचना द्यावी. शालेय बस, वडाप म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या जीप आणि खासगी आराम बस यांच्याबाबत मात्र पहिल्या दिवसापासून सवलत नको, कारण तिथे टायर निवडण्याचा अधिकार प्रवाशाला नसतो.

घाटापर्यंत न येणाऱ्या गाड्यांसाठी पीयूसी केंद्रे उपयोगी पडतील. विजेवर चालणारी वाहने सोडली तर प्रत्येक वाहनाला ठरावीक मुदतीने तिथे जावेच लागते. धुराबरोबर चारही टायरची नक्षी आणि हवेचा दाब मोजून प्रमाणपत्राच्या तळाशी नोंदवला, तर राज्यातल्या खासगी वाहनांची अशी पाहणी होईल जी आज 15 वर्षांतून एकदाही होत नाही. त्यासाठी केंद्राच्या नियमांत बदल लागत असेल, तर तसा प्रस्ताव राज्याने पाठवावा. तोपर्यंत ही नोंद ऐच्छिक ठेवता येईल.

दंड करायची वेळ आलीच तर तो कोणावर करावा, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. ट्रकचा किंवा टेम्पोचा टायर चालक विकत घेत नाही, मालक घेतो. रिमोल्ड केलेला, म्हणजे झिजल्यावर नवे रबर चढवलेला टायर आणखी किती हजार किलोमीटर ओढायचा, हे चालकाला विचारून ठरत नाही. त्याने तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसरा माणूस बसतो. कलम 190 सदोष वाहन चालवणाऱ्याला जसे लागू होते, तसेच ते चालवू देणाऱ्यालाही लागू होते. मालकापर्यंत पोहोचण्याची कायद्यात सोय आहे, ती वापरली जावी. गरीब चालकाच्या खिशातून हजार-दीड हजार काढून टायर सुधारणार नाहीत.

चालकांच्या शिक्षणाबाबतही आपण पुष्कळ करू शकता. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत चिन्हे ओळखायला सांगतात. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवावे, किंवा गाडी पाण्यावर तरंगू लागली तर काय करावे, हेही तिथे विचारले पाहिजे. उत्तर अवघड नाही: ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे, ब्रेकवर उडी मारू नये, टायर पुन्हा रस्त्याला टेकला की गाडी स्वतःहून ताब्यात येते. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या मोटारीत आणीबाणीला ब्रेक जोरात दाबून दाबलेलाच ठेवायचा असतो. पायाखाली धडधड जाणवली म्हणून घाबरून पाय उचलणारे चालक त्या यंत्रणेचा सगळा फायदा घालवून बसतात. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले, परंतु रस्त्यावरच्या असंख्य स्कूटर आणि जुन्या मोटारसायकलींना ते नाही, आणि त्यांच्या स्वारांना वळणात शिरण्याआधीच, गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक हळूहळू लावायला शिकवावे लागेल. दोनच नवे टायर घेतले तर ते पुढे टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. टायर कंपन्या ते मागे टाकायला सांगतात, कारण पुढचे चाक घसरले तर वेग कमी करून सावरता येते, मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते. ही माहिती टायर विकणाऱ्या प्रत्येक दुकानात ठळकपणे लावणे अनिवार्य करावे.

आणि न्यूट्रल. डिझेल वाचते म्हणून गाडी न्यूट्रलवर टाकून घाट उतरवण्याची जुनी सवय मालवाहतुकीतून अजून गेलेली नाही. इंजिनाचा आधार सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि ओल्या वळणावर ते एकदम दाबावे लागले की मागची चाके जाम होऊन ट्रक आडवा होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला जातो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा एसटीच्या जुन्या चालकांचा शिरस्ता आहे. अशा निवृत्त चालकांना मानधन देऊन घाटमाथ्यावरच्या ट्रक थांब्यांवर बोलावले, तर त्यांच्या चार शब्दांना भित्तिपत्रकांपेक्षा नक्कीच अधिक मान मिळेल.

शेवटची विनंती अपघातांच्या नोंदीबाबत आहे. पावसातल्या अपघाताच्या बातमीत बहुतेक वेळा चालकाचा ताबा सुटला एवढेच कारण येते. ताबा का सुटला हे त्यातून कळत नाही आणि पुढचा अपघात टाळायला काही हातीही लागत नाही. पंचनाम्यात प्रत्येक टायरच्या नक्षीची खोली मिलिमीटरमध्ये, टायरवरच्या चार आकड्यांतून कळणारा त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष, हवेचा दाब, आणि त्या जागी रस्त्यावर माती, तेल, शेवाळ किंवा पाणी साचलेले होते का, या गोष्टी लिहिणे बंधनकारक करावे. मोटार वाहन निरीक्षक अपघातग्रस्त वाहनाची तपासणी करतातच. त्यांच्या अहवालाच्या नमुन्यात हे चार-पाच रकाने वाढवायला आपले एक परिपत्रक पुरेल. दोन पावसाळे अशी नोंद झाली, तर कोणत्या घाटात टायर दोषी आहेत आणि कोणत्या घाटात रस्ता, हे जिल्हानिहाय सांगता येईल.

घाटांवरची तपासणी यंदाच्या उन्हाळ्यातच सुरू करायची असेल, तर पथकांची नावे, मापकांची खरेदी आणि पोलिसांशी समन्वय एप्रिलअखेरपर्यंत पूर्ण व्हावा लागेल. आपल्या कार्यालयाने यातले काय स्वीकारले, काय नाकारले आणि कोणत्या कारणासाठी, हे जाहीरपणे कळवावे ही विनंती. या पत्राला जाहीर उत्तराची अपेक्षा आहे.

आपला,
कुंभार्ली घाटातून नेहमी ये-जा करणारा एक नागरिक